कोल्हापूरच्या रानात चालेल असा मेटल डिटेक्टर कसा निवडायचा

भांगलताना कानातली कुडी पडते. रोटरचं पातं तुटून मातीत जातं आणि पुढच्या मशागतीला ट्रॅक्टरच्या टायरात घुसतं. महापुराचा गाळ बसला की पाइपलाइनचा व्हॉल्व्ह नेमका कुठल्या बांधाला होता, हे घरातल्या जुन्या माणसालाही सांगता येत नाही. शेतात मेटल डिटेक्टर लागतो तो अशा कामांना, आणि या सगळ्यांना मिळून एक सर्वसाधारण यंत्र पुरतं. दुकानदार मात्र यंत्र विकतो ते ‘किती फूट खोल जातं’ या एका गोष्टीवर. कोल्हापूरच्या मातीत हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. इथं बघायचं ते एवढंच, की आपल्या मातीला गप्प करायची सोय त्या यंत्रात आहे का.

आयुष्यात एकदाच अंगठी हरवली असेल तर यंत्र विकत घेऊच नका. ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा, अर्ध्या दिवसाचं काम असतं. ट्रॅक्टर भाड्यानं फिरवणारे, ऊसतोडणी यंत्र रानात घालण्याआधी लोखंड वेचणारे, किंवा पाइपलाइनची कामं करणारे, यांना ते परवडतं. भावकीतल्या चार-पाच घरांनी मिळून घेतलं तरी चालेल. मग ते कुणाच्या घरी राहणार आणि चार्ज कोण करणार, हे मात्र आधी ठरवा.

यंत्राची ताकद कुठं संपते

शेतासाठीच्या बहुतेक यंत्रांना व्हीएलएफ म्हणतात. दांड्याच्या टोकाला जी चकती असते ती कॉइल. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सतत उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. त्यानं धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं पकडतं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा जोर घटतो. त्यामुळं नाण्याएवढी वस्तू दुप्पट अंतरावर गेली की तिचा सिग्नल साधारण चौसष्टाव्या हिश्शावर येतो. मोठी बॅटरी लावून किंवा जास्त पैसे मोजून हा हिशोब बदलत नाही.

म्हणून अपेक्षा आधीच जमिनीवर आणा. ११ इंची कॉइल आणि नीट बसवलेलं यंत्र असेल तर अंगठी किंवा नाणं १५ ते २० सेंटिमीटरवर मिळतं. कुडीसारखी बारीक वस्तू ५ ते ८ सेंटिमीटरवर. नांगराचा फाळ दीड-दोन फुटांवरून ओरडतो, बिडाचा मोठा पाइप त्याहून थोड्या जास्त खोलीवरून. ‘१० फुटांवरचं सोनं’, ‘५०० मीटरवरून दिशा दाखवणारा अँटेना’ अशी यंत्रं म्हणजे हातातल्या दोन कांड्या आणि आत एक दिवा. त्यांना गिऱ्हाईक मिळतं ते गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांमधून, आणि एकदा गेलेले पैसे कुणी परत मागायला जात नाही, कारण मग कशासाठी घेतलं होतं तेही सांगावं लागतं.

मंदिराच्या किंवा मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात ती कांडीही शेताच्या कामाची नाही. तिची पोच काही सेंटिमीटर असते आणि मातीचा विचार तिच्या बांधणीत नसतो. पल्स इंडक्शन नावाचा दुसरा प्रकार खनिजांच्या जमिनीत चांगला चालतो, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला नीट सांगता येत नाही. आपल्या रानात खिळे, तार आणि बैलांच्या पत्र्या इतक्या असतात की असं यंत्र घेतलं तर दिवसभर खड्डेच काढायचे.

माती: इथंच यंत्र पास होतं नाहीतर नापास

जिल्ह्यातली माती बहुतेक बेसॉल्ट खडकाची झालेली आहे. त्या खडकात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात आणि ते मातीतही उतरतात. पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगडकडं जांभ्याची लाल माती लागते. तिच्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर. डिटेक्टरला हे सगळं दिसतं. यंत्राच्या दृष्टीनं आपण लोखंडाच्या पातळ चादरीखाली अंगठी शोधत असतो.

आपलं रान किती तापट आहे हे यंत्र न घेताही कळतं. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या मातीत घोळवा. पिशवीला काळ्या भुग्याची दाट मिशी चिकटली तर जमीन कडक आहे, साधं यंत्र तिथं त्रास देणार. पिशवीतून चुंबक काढला की भुगा खाली पडतो, चुंबक साफ राहतो. नुसता चुंबक मातीत घातला तर तो पुसत बसाल.

या मातीचा आवाज वजा करायच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच एका ठिकाणी बसवून टाकलेला असतो, आपल्याला हलवता येत नाही. असं यंत्र इथं काय करतं? कॉइल जमिनीकडं नेली की गुरगुरतं, वर उचलली की गप्प होतं. मग माणूस कंटाळून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक सिग्नल पकडायची तयारी, कमी करतो आणि पोच वीतभरावरून चार बोटांवर येते. यंत्र बिघडलेलं नसतं. ते दुसऱ्या कुठल्यातरी मातीसाठी बसवलेलं असतं.

दुसऱ्या प्रकारात बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीवर वरखाली करायची, म्हणजे यंत्र मातीचा आकडा स्वतः घेतं. त्यातच हातानं आकडा पुढंमागं करायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं. कोल्हापुरात यंत्र घ्यायचं तर निदान बटणानं होणारा ग्राउंड बॅलन्स हवाच. ही एक अट पुरी होत नसेल तर बाकी खोका कितीही चकचकीत असो, पुढं चला.

बॅलन्स करायची पद्धत सोपी आहे, पण घाई केली की फसते. आधी धातू नसलेली जागा शोधा: कॉइल सगळ्या बाजूंनी फिरवून बघा, काही वाजायला नको. मग बटण दाबून कॉइल जमिनीपासून ३ सेंटिमीटर ते २० सेंटिमीटर अशी सरळ वरखाली करा, कॉइल तिरकी होऊ द्यायची नाही. आठ-दहा वेळा केल्यावर वर जाताना आणि खाली येताना आवाज सारखा झाला की बटण सोडा. काळ्या रानातून मुरमाड तुकड्यात गेलात, कोरड्यातून ओल्यात गेलात, की पुन्हा करा. अर्ध्या तासानं एकदा सवयीनं केलं तरी उत्तम. ट्रॅकिंग नावाची सोय असते, तिच्यात यंत्र चालता चालता स्वतः बॅलन्स बदलत राहतं. एकाच जागेवर कॉइल वारंवार फिरवली तर ते बारीक सिग्नलही माती समजून पुसून टाकतं. कुडी शोधताना ट्रॅकिंग बंद ठेवा.

काही जागा मात्र हट्टी असतात. जुन्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाची जागा घ्या. वर्षानुवर्षं भाजलेली माती जास्त चुंबकीय होते, त्यात राख आणि कढईचे तुकडे. तिथला बॅलन्स बाजूच्या रानाला चालत नाही आणि बाजूचा तिथं. दुसरी जागा म्हणजे रस्त्याकडेचा भराव. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव. टाकाऊ वाळू आणि भट्टीतली मळी (स्लॅग) भरावात गेली असेल तर तिच्यात बिडाचे कण असतात आणि यंत्र सलग कडकडत राहतं. तिथं छोटी कॉइल आणि कमी सेन्सिटिव्हिटी, याला पर्याय नाही.

शिरोळकडच्या क्षारपड जमिनीचं दुखणं वेगळं. तिथं त्रास लोखंडाचा नसतो, ओल्या मिठाचा असतो. खारट ओल वीज वाहून नेते, म्हणून ती यंत्राला पातळ पत्र्यासारखी दिसते आणि तिचा आकडा बारीक सोन्याच्या आसपासच येतो. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला (चुंबकीय क्षेत्र सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतं, ती फ्रिक्वेन्सी) हे सावरणं जड जातं. नुकता युरिया-पोटॅश टाकून पाणी दिलेल्या रानातही हाच अनुभव थोड्या प्रमाणात येतो. चार दिवस थांबलात तर निम्मा त्रास जातो.

काळ्या रानात आणखी एक गोष्ट घड्याळ लावून बसलेली असते. एप्रिल-मेमध्ये जमिनीला हातभर भेगा पडतात. या दिवसांत पडलेली अंगठी भेगेत गेली तर ती कुठल्याही यंत्राच्या पोचेखाली जाऊ शकते, आणि वळिवाचा पाऊस झाला की भेग मिटते. उन्हाळ्यात काही हरवलं तर ‘पाऊस झाल्यावर बघू’ म्हणू नका. आधी भेगांमध्ये बॅटरीचा उजेड पाडून डोळ्यांनी बघा, मग यंत्र.

फ्रिक्वेन्सी आणि कॉइल

कमी फ्रिक्वेन्सी, म्हणजे ५ ते ८ किलोहर्ट्झ, चांदी, तांबं आणि मोठ्या वस्तूंना चांगली. २० किलोहर्ट्झच्या पुढं गेलं की सोन्याची बारीक वस्तू नीट दिसते, पण खनिजांची कटकटही वाढते. एकच यंत्र सगळ्याला वापरायचं तर १० ते १५ किलोहर्ट्झ हा मधला मार्ग. अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी सोडणारी यंत्रं मातीचा आणि मिठाचा परिणाम जास्त चांगला ओळखतात; क्षारपड रान असेल किंवा मुख्य काम सोन्याच्या बारीक जिनसा शोधायचं असेल, तर जास्तीचे पैसे इथं घाला. फाळ, पाती आणि व्हॉल्व्ह शोधायला त्याची गरज नाही.

कॉइलचे दोन प्रकार बाजारात मिळतात: कॉन्सेंट्रिक आणि डबल-डी. कॉन्सेंट्रिकचं क्षेत्र जमिनीत शंकूसारखं उतरतं आणि खनिजांनी लवकर बिथरतं. डबल-डीचं क्षेत्र कॉइलच्या मध्यरेषेवर पातीसारखं उभं उतरतं, ते आपल्या मातीत जास्त शांत राहतं. डबल-डीच घ्या. माप ११ इंच. उभ्या उसात किंवा भाजीपाल्याच्या ओळीत फिरायचं असेल तर ६ ते ९ इंचांची दुसरी कॉइल त्याच यंत्राला मिळते का, हे घेण्याआधी विचारा. काही मॉडेलना ती मिळतच नाही. १५ इंची कॉइल मोठं क्षेत्र पटकन उरकते, पण हात भरून येतो, आणि गर्दीच्या रानात एकाच वेळी तीन वस्तूंचे आवाज एकत्र येतात.

कॉइलला प्लास्टिकचं कव्हर घ्याच. तोडलेल्या उसाचे बुडखे तिरके आणि धारदार असतात, कॉइलला धडकले की आवाजही होतो आणि चराही पडतो. महिन्यातून एकदा कव्हर काढून आत साठलेली माती धुवा. ही साठलेली माती कॉइलबरोबर हलत असते आणि खोटे आवाज देते. निम्मी ‘यंत्र बिघडलं’ ही तक्रार एवढ्यावरच मिटते.

पडद्यावरचा आकडा आणि रानातला कचरा

चांगली यंत्रं सापडलेल्या वस्तूचा आकडा दाखवतात: लोखंड खाली, चांदी-तांबं वर, मध्ये बाकी सगळं. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० वर ती उणे ९ ते ४० आहे, नोक्ताच्या सिंप्लेक्सवर ० ते ९९. त्यामुळं दुसऱ्या यंत्राच्या व्हिडिओत बघितलेला ‘सोन्याचा आकडा’ आपल्या यंत्राला लागू होत नाही. तसंही सोन्याचा म्हणून एक आकडा नसतोच. वस्तूचा आकार, जाडी आणि ती बंद कडी आहे की तुटलेली, यावर तो ठरतो.

अंगठी बंद कडी असते, तिच्यात प्रवाह छान फिरतो, सिग्नल भक्कम येतो. तीच अंगठी कापलेली असेल तर आवाज निम्मा. बारीक साखळीचं तर विचारूच नका: यंत्राला पूर्ण साखळी दिसत नाही, एकेक सुटी कडी दिसते, आणि ती फार लहान असते. मंगळसूत्र हरवलं असेल तर वाट्यांचा आवाज शोधा, साखळी त्यांच्याबरोबर येईल. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. डोळ्यांना मोठे दिसले तरी यंत्रावर आकडा खालीच येतो. कुडीची फिरकी त्याहून अवघड.

याच मधल्या पट्ट्यात रानातला ॲल्युमिनियमचा कचरा येतो. गोळ्यांची पाकिटं, दारूच्या बाटल्यांची टोपणं, आणि शेतात सगळ्यात जास्त म्हणजे कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचं चकाकतं सील. पंपात औषध ओतताना ते फाडून तिथंच टाकलं जातं, म्हणून विहिरीजवळ आणि बांधाच्या कोपऱ्यात त्यांचा सडा असतो. अंगठी आणि असं सील यांचा आकडा सारखा येऊ शकतो. सोनं शोधायचं तर ही सीलं उकरावीच लागतात, त्यातून सुटका देणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही. गुटख्याच्या पुड्या चकाकतात खऱ्या, पण त्यांच्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की बहुतेक वाजत नाहीत.

लोखंड गाळायची सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, पूर्ण चढवू नका. खिळ्याशेजारी अंगठी पडली असेल तर खिळ्याबरोबर अंगठीही गप्प होते. लोखंडाला वेगळा, जाड आवाज लावून तो ऐकत राहिलेलं बरं. शिवाय मोठी सपाट लोखंडी वस्तू, उदाहरणार्थ पत्र्याचा तुकडा किंवा रोटरचं पातं, कधीकधी चांदीसारखा वरचा आकडा देते. ओळखायची खूण अशी: कॉइल ९० अंशांत वळून पुन्हा फिरवा. खरी अंगठी दोन्ही बाजूंनी तोच आकडा देते. लोखंड आकडा उड्या मारवतं आणि जागा सरकल्यासारखी वाटते.

नावं घ्यायची तर

गॅरेटच्या एस (ACE) मालिकेतली सुरुवातीची यंत्रं (२५०, ३००, ४००) हलकी आणि शिकायला सोपी, पण त्यांचा ग्राउंड बॅलन्स बसवून दिलेला. आपल्या काळ्या रानात ती गुरगुरतील. त्याच कंपनीचं एटी प्रो १५ किलोहर्ट्झवर चालतं, हातानं बॅलन्स होतो, पाण्यात चालतं. वापरलेलं मिळालं तरी विचार करा. नोक्ताचं सिंप्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं, ११ इंची डबल-डी कॉइल, कॉइल वरखाली करून बॅलन्स, ३ मीटर पाण्यापर्यंत सुरक्षित, वजन १.३ किलो. शेतकऱ्याच्या सर्वसाधारण गरजेला हा वर्ग पुरेसा आहे, आणि निवड इथूनच सुरू करावी. मिनलॅबच्या एक्स-टेरा प्रोमध्ये ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झ यांपैकी हवी ती फ्रिक्वेन्सी निवडता येते: व्हॉल्व्हला ५, अंगठीला १५.

अनेक फ्रिक्वेन्सींत मिनलॅबचं इक्विनॉक्स आणि नोक्ताचं लेजंड ही शेताला योग्य. मिनलॅबचंच व्हॅन्क्विश स्वस्त पडतं आणि अनेक फ्रिक्वेन्सींचं आहे, पण त्याचा बॅलन्स यंत्र स्वतःच करतं, तुम्हाला हात घालता येत नाही. वरच्या अटीत ते बसत नाही, तरी शिरोळच्या रानात चालून जाईल. जांभ्यावर घेण्याआधी वापरून बघा.

बॅटरीचं म्हणाल तर आत बसवलेली लिथियम बॅटरी पॉवर बँकेवर चार्ज होते, रानात सोयीची. पण चार-पाच वर्षांनी ती दमली की बदलून कोण देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. पेन्सिल सेलचं यंत्र कुठल्याही किराणा दुकानाच्या भरवशावर चालतं. आयात यंत्रांत भारतातली वॉरंटी आणि नुसती ‘विक्रेत्याची वॉरंटी’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बिलावर यंत्राचा सीरियल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

यंत्रासोबत हातात धरायचा पिनपॉइंटर घ्या. खड्ड्यात, ढेकळात वस्तू नेमकी कुठं आहे ते हा दाखवतो. तो नसेल तर सुपारीएवढी कुडी शोधायला घमेलंभर माती बोटांनी चाळावी लागते, आणि उकरताना खुरप्याचा घाव तिच्यावरच बसतो.

घेण्याआधीची परीक्षा

दुकानात परीक्षा घेऊ नका. स्लॅबमध्ये सळई असते, यंत्र ओरडतच राहणार. बाहेर मोकळ्या जमिनीवर चला. बरोबर पाच वस्तू घ्या: सोन्याची अंगठी, चांदीचं जोडवं, १० रुपयांचं नाणं, लोखंडी बोल्ट आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. १ किंवा २ रुपयांचं आजचं नाणं नेऊ नका. ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं असतं, यंत्र त्याला लोखंडच म्हणणार आणि तुम्ही यंत्राला नावं ठेवणार.

हवेत वस्तू हलवून मिळालेलं अंतर फक्त तुलनेला. खरी परीक्षा मातीत. विक्रेता परवानगी देत असेल तर आपल्याच रानातली बादलीभर माती न्या, किंवा त्याहून बरं म्हणजे यंत्र रानात आणा. अंगठीला लांब दोरा बांधून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरा (दोरा विसरलात तर परीक्षा फारच खरी होईल). प्रत्येक खोलीवर दोन्ही बाजूंनी फिरवून दहापैकी किती वेळा सारखा आवाज येतो ते मोजा. आठच्या खाली आला तर ती खोली त्या यंत्राच्या खात्यात धरू नका. मग अंगठीशेजारी चार बोटांवर बोल्ट ठेवून तीच परीक्षा पुन्हा. इथं स्वस्त आणि चांगलं यंत्र वेगळं होतं.

रानात

वाफसा आलेलं रान सगळ्यात चांगलं. कोरड्या नांगरटीत ढेकळांमध्ये पोकळ्या असतात, कॉइल उंच राहते आणि पोच जाते. फळी मारलेलं रान असेल तर काम निम्म्यावर येतं. खोडव्यात पाचट आधी बाजूला ओढा, कारण पाचटाचा वीतभर थर म्हणजे वीतभर पोच गेली. भाताची खाचरं कापणीनंतर सपाट आणि घट्ट असतात, तिथं काम झरझर होतं.

दोन खुंट्या आणि सुतळी घेऊन पट्टे पाडा, ४ फूट रुंदीचे. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, समांतर. हात टोकाला गेला की ती आपोआप वर उचलली जाते आणि कडेची पोच संपते. नवशिक्याची ही पहिली चूक. प्रत्येक फेरीत निम्मी कॉइल आधीच्या जागेवर येऊ द्या. एक फेरी दोन सेकंदांत, पुढं अर्धा फूट. हिशोब केला तर गुंठ्याला, म्हणजे १०८९ चौरस फुटांना, उकरणं सोडून १८ ते २० मिनिटं लागतात. एकर करायला बारा तासांच्या वर. म्हणून वस्तू हरवली की त्या दिवशी कुठल्या सरीपर्यंत भांगलण झाली होती, पाणी प्यायला कुठं बसले होते, हे आधी विचारून घ्या. दहा गुंठ्यांवर आलात तर अर्ध्या दिवसात उरकेल.

सरी असेल तर आडवी कॉइल फिरवून उपयोग नाही, वरंब्यावर ती उंच जाते. सरीच्या तळातून एकदा, वरंब्याच्या माथ्यावरून एकदा, असं लांबीनं चला. वाहत्या पाण्यानं जड वस्तू फार पुढं जात नाही, पण सरीच्या तळात गाळाखाली दडते.

सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवायचा मोह टाळा. यंत्र शांत होईपर्यंत खाली आणा; साधारण ७० ते ८० टक्क्यांवर बसतं. पंपाची मोटर, डीपी, वरून गेलेली मोठी लाइन, यांच्याजवळ ते विनाकारण वाजतं, तेव्हा फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय वापरा किंवा वीज नसलेली पाळी बघून जा. गव्यासाठी आणि डुकरांसाठी झटका मशीनची तार लावली असेल तर सेकंदाला एक असा ठोका ऐकू येतो. मालकाला सांगून ती बंद करा. मोबाइल मागच्या खिशात. पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत, जोडवी-पैंजण काढून ठेवा. चामड्याच्या वादीनं शिवलेल्या अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, तिचा त्रास होत नाही. खिळे ठोकलेल्या नकलेचा होतो.

सलग रेषेत आवाज येत गेला तर ती केबल किंवा पाइप. मोटरीचा मेन स्विच काढल्याशिवाय तिथं पहार घालू नका. पीव्हीसी पाइप कुठल्याही डिटेक्टरला दिसत नाही. त्याचा व्हॉल्व्ह, लोखंडी बेंड किंवा क्लॅम्प शोधायचा आणि दोन ठिकाणं जोडून रेषा काढायची. जंगलालगतच्या रानात चिंध्या किंवा सुतळी गुंडाळलेला गोळा दिसला तर हात लावू नका. डुकरांसाठी पेरलेला गावठी बॉम्ब असू शकतो. लांब जाऊन पोलिसांना कळवा.

जुनी वस्तू लागली तर

आपल्या शिवारात शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, लागणं अशक्य नाही. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातलं गाव उघडं पडलं. म्हणजे माती इथं जुनीच आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय, अंदाजे केवढ्याचं, कुठं आणि कधी. रान स्वतःचं असलं तरी. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काल पडलेलं घरच्या बाईचं डोरलं यात येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं सराफाला विकणं मात्र थेट अडचणीत नेतं, कारण १९७२ चा पुरावस्तू कायदाही तिथं लागू होतो.

अशी वस्तू दिसली तर उकरणं थांबवा, जागेचा फोटो घ्या, धुऊन-घासून चकाकवू नका. पन्हाळ्यासारख्या संरक्षित क्षेत्रात यंत्र घेऊन जाऊच नये. तिथं परवान्याशिवाय खोदणं गुन्हा आहे. दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची संमती चिठ्ठीवर घ्या, आणि सापडलेलं कुणाचं हे उकरायच्या आधी बोला. नंतर बोलणं होत नाही, भांडण होतं.

यंत्र रुसलं तर

सारखं वाजतंय: आधी कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळली आहे का बघा, सैल वायर कॉइलसमोर हलली की आवाज येतो. मग कव्हरमधली माती, मग बॅटरी, मग ग्राउंड बॅलन्स. काहीच वाजत नाही: कॉइलचा कनेक्टर काढून पिना सरळ आहेत का तपासा, वाकलेली पिन जोरानं दाबली की ती कायमची मोडते. आवाज येतो पण खड्ड्यात काही नाही: उकरलेल्या ढिगावर कॉइल फिरवा, वस्तू बहुतेक तिथंच गेलेली असते. तिथंही नसेल तर आपलं खुरपं बाजूला नेऊन पुन्हा बघा.